सुईवाला भुरा

साक्रीच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी खैरपाडा म्हणून पंचवीस-तीस झोपड्यांची वस्ती. तिथं लग्न निघालं की मोहाची दारू निघायचीच, आणि पहिला द्रोण जुन्या माणसांच्या हाती यायचा. भुरा तो द्रोण घ्यायचा, नाकाशी न्यायचा, क्षणभर डोळे मिटायचा. "धार चांगली शे. पन लाकडं ओली व्हतात, धूर लागना," एवढं सांगायचा आणि द्रोण जमिनीवर उपडा घालायचा.

पाड्याला हे कधी पचलं नाही. भिलाच्या पोटी जन्म, आईची मोहाची भट्टी दहा गावांत नावाजलेली, आणि हा थेंब घेत नाही. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. म्हातारे म्हणायचे, धरणगावला साहेबाच्या बंगल्यात राहून आला, आता आपली कशी चालेल त्याला.

आणि तिकडे धरणगावात विचाराल, तर तिथल्या कापसाच्या जिनातला कुणीही सांगायचा, भुरा? तो सुईवाला? बाटलीचं बूच न काढता सुईनं दारू ओढून प्यायचा तो?

एकाच माणसाची ही दोन नावं. पाड्यात न पिणारा आणि धरणगावात चोरून पिणारा. दोन्हीकडे लोक हसायचे. पाड्यातलं हसणं भुरानं अंगावरून जाऊ दिलं. धरणगावचं मात्र बारा वर्षं त्याच्या घशात अडकून राहिलं.

भुराची आई कस्तुरा. मडक्याच्या तोंडाला लावलेल्या बांबूच्या नळीतून थेंब पडायला लागला, की ती बोट ओलं करून जिभेला लावायची आणि सांगायची, ही पाहुण्यांना, ही बाजाराला, ही फेकून द्या. तिचं नाक आणि तिची जीभ भुराकडे आली, जमीन काही आली नाही. एकोणीस वर्षांचा असताना तो धरणगावला विलायती कंपनीच्या जिनात रुईचे गठ्ठे ओढायला आला, आणि अंगानं स्वच्छ, बोलायला कमी, म्हणून मॅनेजरसाहेबाच्या बंगल्यावर पाणी भरायला गेला.

एकदा साहेबाकडे जेवायला चार गोरे आले होते. खानसाम्यानं लाल बाटली उघडून काचेच्या सुरईत ओतली. भुरा बर्फाची बादली घेऊन शेजारून गेला, थबकला, आणि नकळत बोलून गेला, "ही मरी गई शे."

खानसाम्यानं त्याच्या पाठीत कोपर मारलं. साहेबानं विचारलं, काय म्हणतो हा? खानसाम्यानं भीत भीत सांगितलं. साहेबानं पेला उचलला, हुंगला, एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं करून खिडकीतून थुंकला. मग भुराला जवळ बोलावून दुसरी बाटली त्याच्या नाकाशी धरली. "बोलो. जिंदा है या मर गया?"

"जिंदा है, साब."

त्या दिवसापासून पाणी भरणं सुटलं. बोरडोच्या बाटल्या भुराच्या हाती आल्या. बोरडो हे त्याच्या तोंडी बसलेलं नाव. फ्रान्स देशात नदीकाठच्या एका मुलखात ही लाल दारू होते, एवढं साहेबानं सांगितलं होतं. शिकवलं मात्र मन लावून. बाटली उघडायची तर आदल्या दिवशी उभी करायची, म्हणजे गाळ तळाशी बसतो. शिशाची टोपी कापायची, बूच ओढायचं, बुचाचा वास घ्यायचा. मेणबत्ती पेटवून बाटलीचा गळा ज्योतीसमोर धरायचा आणि हळूहळू ओतायचं. गाळाची काळी रेघ गळ्याशी आली की हात थांबवायचा. मग पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरून काठाचा रंग बघायचा. तरुण दारूचा काठ जांभळा, पिकलेलीचा विटेसारखा, मेलेलीचा मातकट. घोट घ्यायचा, तोंडभर फिरवायचा, आणि थुंकायचा. गिळायचा नाही. गिळणाऱ्याची जीभ तिसऱ्या बाटलीला खोटं बोलते, असं साहेब म्हणायचा.

भुरानं ते मनावर घेतलं. त्या वर्षापासून मोहाची सोडली, बिडी सोडली, तंबाखू सोडली. भाकरीवर ठेचा घ्यायचा तोही साहेबाकडे पाहुणे नसतील त्या दिवशी. जीभ ही हत्यारासारखी ठेवायची चीज आहे, हे त्याला पटलं होतं. साहेब विचारायचा, कसली चव? साहेबाचे शब्द त्याला येत नव्हते. तो आपले सांगायचा. कच्च्या जांभळासारखी हिरड्या धरते, मग सोडते. मागं ओल्या सागाच्या पाचोळ्याचा वास. त्याच्याही मागं तेंदूच्या पानाचा. साहेब ते वहीत लिहून घ्यायचा.

खानदेशातला उन्हाळा या दारूचा वैरी. बंगल्याखाली तळघर होतं. तिथं बाटल्या फळ्यांवर आडव्या निजवलेल्या. आडव्या यासाठी, की बूच ओलं राहावं. उभी ठेवली की बूच सुकतं, वारा आत शिरतो. साहेब म्हणायचा, "लिटा के रखो. नींद में बड़ा होता है." चैत्रापासून मिरगापर्यंत भुरा दिवसातून तीन वेळा तळघराच्या भिंतींवर टांगलेली गोणपाटं भिजवायचा.

देश स्वतंत्र झाला, कंपनी विकली गेली, साहेब निघाला. त्यानं एक बाटली उघडली आणि भुराला प्रथमच अर्धा पेला भरून दिला, गिळायला. उरलेल्या अठरा बाटल्यांकडे बोट दाखवून म्हणाला, हे अजून लहान आहेत, दहा वर्षं झोपू दे, मी येईन. लेबलावर चौतीस साल होतं. भुराला आकडे वाचता येत होते.

साहेब आला नाही. जिन आणि बंगला दोन्ही भिकमचंद शेठनी घेतले. घराणं मारवाडी जैन, सूर्य मावळल्यावर अन्नाला न शिवणारं. दारूच्या बाटल्या तळघरात आहेत हे कळल्यावर झमकूबाई शेठाणींनी त्या वाटेनं जाणंच बंद केलं. पण शेठ व्यापारी. माल फेकायचा कसा? त्यात राज्यात दारूबंदी. बाटली सापडली तर तुरुंग. शेठनी तोडगा काढला: भुराला बंगल्याचा राखणदार म्हणून ठेवलं, तळघराला कुलूप घातलं आणि किल्ली त्याच्याकडेच राहू दिली. बंदी एक दिवस उठेल, मग बघू.

तेरा वर्षं भुरा गोणपाटं भिजवत राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. एकही बाटली त्यानं उघडली नाही.

एकसष्ट साली शेठनी बंगला सरकारी ऑफिसला भाड्यानं द्यायचं ठरवलं. सरकारी माणसं येणार म्हणजे बाटल्या हलवायला हव्यात. जिनाच्या पत्र्याच्या गोदामात एक लोखंडी कपाट होतं, त्यात ठेवा म्हणाले. भुरानं अठरा बाटल्या बाळासारख्या कपड्यात गुंडाळून आणल्या आणि कपाटात आडव्या लावायला लागला. बरोबर चंपालाल मुनीम होता. तो म्हणाला, "अरे, सांडतील ना. उभ्या कर."

"आडव्याच ठेवा, मुनीमजी. उभ्या ठेवशात ते मरी जाई. आनि या पत्राखाल ते भाजी निंघी."

मुनीमानं शेठना बोलावलं. शेठ आले, धोतराच्या सोग्यानं एक बाटली धरली आणि आयुष्यात पहिल्यांदाच उजेडात बघितली. गळ्यात दारू बोटभर कमी होती. दुसरी बघितली, दीड बोट. तिसरी, दोन बोटं. त्यांच्या घरात तुपाचा डबा असो की केवड्याच्या अत्तराची कुपी, लाख लावून बंद केलेला माल आपोआप कमी होत नसतो. तो कमी झाला तर हात शोधायचा.

"भुरा, ही कमी कशी?"

"बूच श्वास घेस, शेठ. दर सालले थोडी उडी जास. साहेबनी सांगेल व्हतं."

"बूच श्वास घेतं," शेठ मुनीमाला म्हणाले. मुनीम हसला.

त्या महिन्यात शेठच्या कमरेत रोज इंजेक्शन चालू होतं. रबरी बुचाच्या बाटलीतून कंपाउंडर सुईनं औषध कसं ओढतो हे ते रोज बघत होते. माणसाचं डोकं समोर जे असतं त्यावरच चालतं. आता त्यांना सगळं लख्ख दिसलं. भील माणूस, दारूची खोली, किल्ली हातात. आडव्या ठेवायचा हट्ट कशाला? आडवी असली की सुईला सोपं.

पोलिसात जायची सोय नव्हती, मालच बंदीतला. गेले असते तर कदाचित एखाद्या शहाण्या फौजदारानं बूच तपासलं असतं, टोपीला भोक कुठंय विचारलं असतं. शेठनी निवाडा जिनाच्या ओट्यावर केला. कापूस तोलायच्या काट्यापाशी, ऐन हंगामात, दीडशे माणसांपुढं. दारू म्हणायचं नाही म्हणून ते "साहेबाचं औषध" म्हणाले.

"याला मी घर दिलं. यानं साहेबाचं औषध सुईनं ओढलं."

भुरा म्हणाला, "मी पिधी नही." पुन्हा म्हणाला, "शेठ, मी मोहानी बी पेत नही." तेव्हा ओट्यावर हशा पिकला. भील म्हणतो मी पीत नाही. त्या हशात नथ्थू नावाचा दाबवाला, गठ्ठे दाबायच्या यंत्रावर काम करणारा, गावाचा विनोदी माणूस, ओरडला, "सुईवाला, मले बी एक डोस दी दे ना भो."

नाव तिथंच चिकटलं.

नंतर भुरानं अमळनेरला काम बघितलं, धुळ्याला बघितलं. कुठल्याही बंगल्यावर कुणीतरी धरणगावचा निघायचाच. शेवटी तो बायकोला, बिजलीबाईला घेऊन पाड्यात परतला. पण साक्रीपर्यंत नाव त्याच्याही आधी पोचलेलं होतं. मुलगा अमरसिंग सातवी शिकला, साक्रीच्या एका वसतिगृहात शिपाई घ्यायचे होते म्हणून गेला. तिथल्या माणसानं गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं आणि म्हणाला, "सुईवाल्याचा का? कोठीच्या किल्ल्या असतात रे या कामाला." अमरसिंग तसाच घरी परतला. दुसऱ्या दिवशी सुरतेला ऊसतोडीला निघून गेला. त्या दिवशी भुरा जेवला नाही. मोठ्या दुष्काळात खडी फोडताना शेजारचा माणूस गंमत म्हणून म्हणायचा, सुईवाला, घाव सुईनं घाल. भुरा घाव घालत राहायचा.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत पाड्यात जीप आली. आतून चंपालाल मुनीम उतरला. केस पांढरे, दात पडलेले. भिकमचंद शेठ वारले होते. मुलगा प्रकाशचंद जळगावला डाळमिल चालवत होता, धरणगावचं जिन बंद पडलं होतं. दारूबंदी ढिली झाली होती. मुंबईचा एक हॉटेलवाला जुन्या विलायती बाटल्या घ्यायला तयार होता, पण त्याची अट एकच. माल जिवंत आहे असं जाणकारानं त्याच्यासमोर उघडून सांगावं.

"आणि जाणकार कोण आहे इथं?" मुनीम म्हणाला. "तूच."

बिजलीबाई दाराशी उभी होती. "आते याद उनी का तुमले? बारा वरीस कोन्ही इचारं नही."

भुरा म्हणाला, "पैसा नको. ज्या ओटावर शेठनी माले चोर सांगं, त्याच ओटावर परकाशशेठनी सांगाले पाहिजे. भुरानी चोरी करी नही. एवढंच."

"सांगतील की. त्यात काय."

"शब्द लेइसन ये."

"शब्द घेऊनच आलोय," मुनीम म्हणाला. ते खोटं होतं, पण धरणगावला पोचल्यावर मुनीमानं विषय काढला आणि प्रकाशचंदनं खरोखरच मान हलवली. लहानपणी भुराच्या खांद्यावर बसून पोळ्याचे बैल बघितलेला पोरगा. तेव्हा नुसतं भुरा म्हणायचा, आज भुराभाऊ म्हणाला.

पाहुणा दुपारी यायचा होता. सकाळी कपाट उघडलं. किल्ली भिकमचंदांच्या करगोट्याला असायची, ती त्यांच्या चितेआधी झमकूबाईंनी सोडून घेतली होती. म्हणजे बारा वर्षांत कपाटाला कुणाचा हात लागला नव्हता. आत अठरा बाटल्या उभ्या. पुढच्या बाटल्यांच्या गळ्यावर हळदीकुंकवाचे वाळलेले ठिपके. मुनीम म्हणाला, दर दिवाळीला कपाटाच्या फटीतून काडीनं लावायचो, माल आहे म्हटल्यावर.

भुरानं पहिली बाटली उचलली. दारू गळ्यात नव्हतीच. खांद्याच्या खाली, चार बोटं उतरली होती. दुसरी पाच बोटं. त्यानं एकेक बाटली उजेडात धरली. दोन बोटांसाठी त्याला चोर ठरवलं होतं. इथं कुलपात, तो खडी फोडत असताना, पाच बोटं उडाली होती.

"परकाशशेठ," तो म्हणाला. बाटली त्याच्यापुढं धरली. "देखा. किल्ली तुमना बापजवळ. मी आठे नही. तरी बी कमी व्हयनी. देखा ना."

प्रकाशचंदनं बघितलं. कपाळाला आठी घातली. "हे पाहुण्याला दिसता कामा नये," तो म्हणाला. आणि मुनीमाला खूण केली.

मुनीमानं पिशवीतून पुडकं काढलं. त्यात जनावरांच्या दवाखान्यातून आणलेली काचेची जाड पिचकारी होती, आणि चार लांब सुया.

"भुराभाऊ," प्रकाशचंद समजुतीच्या सुरात म्हणाला, "चार बाटल्या फोडू. त्यांचा माल बाकीच्यांत घाल. बूच तसंच राहायला पाहिजे, टोपी तशीच. तुला जमतं ते."

भुराला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यानं पिचकारीकडे बघितलं, मग या पोराच्या तोंडाकडे. तोंडावर थट्टा नव्हती, राग नव्हता. जुन्या कारागिराला काम सांगावं तसं तो सांगत होता.

"माले नही येस," भुरा म्हणाला.

"आता कसली लाज रे," मुनीम म्हणाला. "झालं ते झालं. यांचे बाऊजीबी गेले."

"मुनीमजी, माले नही येस. कोन्हाले बी नही येवाव."

"बघू तर," म्हणत मुनीमानं सुई पिचकारीला लावली आणि बाटली गुडघ्यांत धरून जोर दिला. शिशाच्या टोपीवर सुई वाकली. दुसरी टोपीतून गेली, बुचात अर्ध्यावर अडकली, आणि ओढताना मोडून आतच राहिली. तिसरीनं बूच भुसभुशीत होऊन त्याचे तुकडे आत पडले आणि मुनीमाच्या धोतरावर लाल शिंतोडा उडाला. तो अरिहंत अरिहंत करत नळाकडे धावला. चौथी सुई त्यानं काढलीच नाही.

भुरा बघत उभा होता. बारा वर्षं जे कुणाला पटवता आलं नव्हतं ते त्याच माणसाच्या हातानं, त्याच गोदामात, त्याच बाटल्यांवर त्याच्या डोळ्यांसमोर झालं होतं. सुईनं होत नाही. होऊच शकत नाही. आता कुणीतरी म्हणेल, असं वाटून तो थांबला.

मुनीम हात पुसत आला. "तुझा हात बसलेला होता," तो म्हणाला. "आमचं काम नाही ते."

शेवटी बिघडलेल्या आणि फार उतरलेल्या चार बाजूला काढून उरलेल्या चौदा बाटल्या गळ्यापर्यंत भाताच्या पेंढ्यात खोचून ठेवल्या, म्हणजे आतली पातळी दिसू नये. प्रकाशचंद भुराला ओट्याच्या कडेला घेऊन गेला.

"हे बघ. माल चांगला निघाला, तर मी म्हणेन बाऊजींची चूक झाली होती. माझी काही हरकत नाही. पण माल खराब निघाला, तर खराब कुणी केला ते मला सांगावं लागेल. आणि सांगायला दुसरं नाव कुठाय माझ्याकडे?"

त्यात धमकी नव्हती. हिशेब सरळ होता.

मुंबईचा पाहुणा आला तो जाडजूड, सफारीतला, बोटांत तीन अंगठ्या. ओट्यावर टेबल मांडलं होतं, वर पांढरी चादर. भुरानं मेणबत्ती मागितली. दुपारच्या उजेडात मागायची खरं तर गरज नव्हती, पण हाताला तीच सवय होती. ज्या बाटलीत दारू सगळ्यात वर होती ती त्यानं घेतली, टोपी कापली, बूच काढायचा साहेबाचा जुना, जपून ठेवलेला पेच बुचात फिरवला. बूच ओढताना तुकडे झाले. खालचा तुकडा कोरडा होता. त्यानं तो हुंगला.

पहिल्याच वासाला त्याला सगळं समजलं. शिर्का, आंबून गेलेल्या दारूचा. त्यामागं तापलेल्या पत्र्याखाली शिजलेल्या काकवीचा वास. त्यानं हात थांबवला नाही. ज्योतीसमोर बाटली धरून ओतली. गाळ छान बसला होता, बारा वर्षं उभीच होती. पेला चादरीवर तिरपा केला. काठ मातकट, मधला रंग गंजलेल्या पाण्याचा.

मग घोट घेतला. जिभेच्या कडा आंबटानं आकसल्या. त्यानं तोंडभर फिरवला, एकदा, दोनदा. आणि सगळ्या आंबटामागं, घशाच्या तोंडाशी, अगदी क्षणभर ओल्या सागाचा पाचोळा आला आणि गेला. म्हणजे ही मोठी झाली होती. झोपेत वाढली होती, पिकली होती. तळघरात असती तर आज तिच्यासारखी दुसरी नसती. हिला यांनी उभी करून, भाजून मारली होती.

त्यानं खाली मातीत थुंकलं आणि तोंड पुसलं. ओट्याखाली माणसं होती. जीपचा ड्रायव्हर, यावलकडचे दोन हमाल, आणि जुन्यांपैकी एकटा नथ्थू. जिन बंद पडल्यावर तोच तिथला राखणदार झाला होता. दीडशेतला उरलेला एक साक्षीदार.

"बोलो भाई," पाहुणा म्हणाला.

प्रकाशचंद त्याच्याकडे बघत होता. साहेबानं असं बघितलं असतं तर उत्तर जिभेवर तयार होतं. चाळीस वर्षं त्या जिभेनं एकदाही दुसरं काही सांगितलं नव्हतं. भुराला अमरसिंग आठवला. सुरतेच्या वाटेला लागलेली त्याची पाठ आठवली.

"जिंदा है," भुरा म्हणाला.

पाहुण्यानं पेला भरून घेतला, घोट घेतला, डोळे बारीक केले. भुराला वाटलं, आता हा थुंकेल. मनातून त्याला तेच हवं होतं की काय, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पाहुण्यानं गिळला. "खट्टा है," तो म्हणाला. "पुराना माल खट्टा ही होता है. असली है." मग त्यानं ड्रायव्हरला सोडा आणि बर्फ आणायला पाठवलं, पेल्यात ओतला आणि अर्धी बाटली तशीच संपवली.

प्रकाशचंदनं शब्द पाळला. ओट्याच्या कडेवर उभा राहून स्पष्ट म्हणाला, "सगळ्यांनी ऐका. आमच्या बाऊजींच्या वेळी गैरसमज झाला होता. भुराभाऊंनी चोरी केली नव्हती. आज पाहुण्यांनीच सांगितलं, माल असली आहे." हमालांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना कसली चोरी, कोण भुरा, काही माहीत नव्हतं. एकानं विचारलं, पेट्या आता उचलायच्या का? मुनीम म्हणाला, उचला.

पाहुण्याच्या गाडीत बाटल्या गेल्या. प्रकाशचंद त्याच्याबरोबर जळगावला गेला. भुराला परत सोडायच्या जीपचं कुणी नाव काढलं नाही, आणि भुरानंही विचारलं नाही. तो चपला घालत होता तेवढ्यात नथ्थू शेजारी येऊन बसला. म्हातारा झाला होता, पण हसणं तेच.

"बरं व्हयनं भो," नथ्थू मनापासून म्हणाला. "शेठना पोऱ्यानी सांगं ते. मी तवाच म्हनत व्हतो, भुरा तसा माणूस नही." त्यानं बिडी पुढं केली. "ले, ओढ सुईवाला. अमळनेरनी गाडीले अजून टाइम शे."

भुरानं बिडी घेतली नाही. दोन एसट्या बदलून, धुळ्याच्या स्टँडवर बाकावर पडून, दुसऱ्या दिवशी दुपारी तो पाड्यात पोचला. बिजलीबाई मोहाची सुकलेली फुलं निवडत बसली होती.

"सांगं शेठनी?"

"सांगं."

"बठ्ठासमोर?"

"जे व्हतात तेस्नासमोर."

तिनं पाणी दिलं. तो प्यायला, तोंडातला आंबटपणा तरी गेला नाही. धुळ्यालाही चूळ भरली होती, साक्रीलाही. ती म्हणाली, "मंग अमरसिंगले चिठ्ठी धाडू का? तो ऐकी ते येई."

भुरानं तांब्या खाली ठेवला.

"मोहानी शे का घरमा?" त्यानं विचारलं.

बिजलीबाईचा हात फुलांत थांबला. लग्न झाल्यापासून तिनं हा प्रश्न त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. ती उठली, आतून मडकं आणलं, द्रोण भरला. नेहमीसारखा तो नाकाशी नेईल, धूर लागला का सांगेल, म्हणून ती उभी राहिली. परवाचीच निघालेली होती, तिनं स्वतः काढलेली, आणि चांगली उतरली होती.

त्यानं वास घेतला नाही. उजेडाकडे धरलं नाही. एका दमात घशाखाली केली, ठसका आला, आणि रिकामा द्रोण पुन्हा पुढं केला.

"कशी शे?" तिनं विचारलं.

"माले काय समजस," भुरा म्हणाला. "वत."